सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी खोकला

खोकल्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे जा, असे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेक पेशंट चमकतात. उशिरा बोलणारी मुले, तोतरेपणा, फार तर अर्धांगवायूनंतर गेलेली वाचा, एवढाच स्पीच थेरपीचा परिचय आपल्याला असतो. डॉक्टर आता आपल्याला टाळू लागले, अशी शंकाही काहींना येते. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या कोरड्या खोकल्यावर जे मोजके उपचार अभ्यासांच्या कसोटीला उतरले आहेत, त्यांत हा एक आहे.

आधी काय तपासायचे

मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर त्याला जुनाट म्हणतात. साध्या सर्दी-पडशानंतरची ढास त्याच्या आत बहुधा आपोआप थांबते. आपल्याकडे मात्र आठ आठवडे थांबून चालत नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर क्षयासाठी थुंकी तपासावी, असे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सांगतो. छातीचा एक्स-रे, फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री, कान-नाक-घशाची तपासणी हेही ओघाने आलेच. दमा, नाकातून घशात उतरणारा स्राव, अन्ननलिकेत वर येणारे आम्ल आणि तंबाखूचा धूर हे नेहमीचे गुन्हेगार.

एक कारण हमखास नजरेतून सुटते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा रक्तदाबाच्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. गोळी बदलली की तो बहुधा काही आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिनेही लागतात. बदल अर्थातच डॉक्टरांनी करायचा. आपल्या मनाने रक्तदाबाची गोळी बंद करण्यात धोका आहे.

खोकल्यातून रक्त पडणे, वजन घटणे, ताप, रात्री घाम, धाप, आवाजात टिकून राहिलेला बदल, गिळताना त्रास किंवा सिगारेट ओढणाऱ्याच्या खोकल्याची बदललेली तऱ्हा, यांपैकी काहीही असेल तर स्पीच थेरपीचा विषय तूर्त बाजूला ठेवायचा.

घसा हळवा होतो

या सगळ्यातून पार पडूनही काही जण खोकतच राहतात. सगळे कागद स्वच्छ, इनहेलर झाला, आम्लाच्या गोळ्या झाल्या, ज्येष्ठमध आणि सितोपलादीही झाले. यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त दिसतात, आणि वय बहुधा चाळिशीच्या पुढचे.

अशा लोकांच्या बोलण्यात काही गोष्टी पुन्हापुन्हा येतात. खोकल्याआधी घशात एका ठरावीक जागी खवखवते, काहीतरी अडकल्यासारखे वाटते. मग उबळ. आणि ती येते कशाने? थंड हवेने, उदबत्तीच्या किंवा अत्तराच्या वासाने, मोठ्याने हसल्याने, फोनवर चार वाक्ये बोलल्याने. शेजारी बसलेल्याला त्याच गोष्टींनी काही होत नाही. मिरचीच्या फोडणीने घरभर ठसका लागतो तो सगळ्यांनाच; मिरचीतले कॅप्सेसिन श्वासमार्गातल्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवते. संशोधक याच कॅप्सेसिनची वाफ मोजून हुंगायला देतात आणि किती वाफेला किती खोकला येतो ते पाहतात. जुनाट खोकल्याच्या पेशंटांना निरोगी माणसापेक्षा कमी वाफ पुरते.

म्हणजे बिघाड फुप्फुसात नसून संवेदनेत असतो. स्वरयंत्र, श्वासनलिका, अन्ननलिका इथल्या खबरा व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातात. ही वाट अति हळवी झाली की किरकोळ खबरही धोक्याची ठरते. विषाणूच्या एखाद्या आजारानंतर हे सुरू झाले असे पुष्कळ जण सांगतात. त्यात भर अशी, की प्रत्येक उबळीत स्वरयंत्राच्या घड्या एकमेकींवर आपटतात, घसा आणखी चिडतो आणि पुढची उबळ जवळ येते. दर दोन मिनिटांनी खाकरणारा माणूसही हेच चक्र फिरवत असतो.

या चक्रात शिरायला एक फट आहे. खोकला ही प्रतिक्षिप्त क्रिया असली, तरी मेंदूच्या वरच्या थरांचा तिच्यावर काही अंशी ताबा चालतो. गाण्याच्या मैफलीत किंवा अंत्यसंस्काराच्या वेळी लोक खोकला धरून ठेवतात, तो याच ताब्याच्या बळावर. जुनाट खोकल्यात हा ताबा ढिला पडलेला असतो. स्पीच थेरपी तो पुन्हा कमवायला शिकवते.

न्यूकॅसलमधले ८७ जण

या उपचाराला वजन आले ते ऑस्ट्रेलियातून. न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसल शहरात अ‍ॅन व्हर्टिगन या स्पीच पॅथॉलॉजिस्टने छातीरोगतज्ज्ञ पीटर गिब्सन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर औषधोपचारानंतरही खोकत राहिलेल्या ८७ जणांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला खोकल्यासाठी आखलेली थेरपी मिळाली, दुसऱ्याला तितक्याच आस्थेने आहार, व्यायाम, ताणतणाव यांवर सल्ला. दुसरा गट असा मुद्दाम ठेवण्यातच या अभ्यासाची हुशारी आहे. कोणीतरी अर्धा तास बसून आपले ऐकून घेतले, एवढ्यानेही बरे वाटते. ते 'बरे वाटणे' वजा करायला हवे होते.

निष्कर्ष २००६ साली 'थोरॅक्स' या ब्रिटिश नियतकालिकात आले. थेरपीच्या गटात ८८ टक्के लोकांचा उपचार यशस्वी ठरला, सल्ल्याच्या गटात १४ टक्के लोकांचा.

हे आकडे ऐकायला फारच गोड आहेत, म्हणून दुसरा अभ्यास जोडीला ठेवावा. ब्रिटनमध्ये ७५ पेशंटांवर झालेला हा प्रयोग २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात आला. इथे पेशंटच्या शब्दावर न थांबता अंगावर लावलेल्या ध्वनिमुद्रण यंत्राने खोकला मोजला. तुलनेच्या गटापेक्षा थेरपीच्या गटात खोकण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी घटले. खोकला नाहीसा झाला नाही, पण चांगलाच कमी झाला. पेशंटने अपेक्षा धरायची ती या दुसऱ्या आकड्याची, असे मला वाटते.

बैठकीत काय होते

दोन्ही अभ्यासांत बैठका चारच होत्या. आठवड्यातून दोनदा वर्षभर खेटे घालावे लागत नाहीत, पण मधल्या दिवसांत घरी सराव न केल्यास त्या चारही वाया जातात.

पहिली बैठक बरीचशी बोलण्यात जाते. खोकला कधी येतो, आधी काय जाणवते, दिवसभरात बोलणे किती, पाणी किती. मग एक गोष्ट पटवून द्यावी लागते आणि आपल्याकडे ती सहज पटत नाही. 'खोकला दाबू नये, आत राहतो' हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. कफ सुटत असेल, न्यूमोनिया असेल, श्वासनलिका रुंदावलेल्या असतील, तर ते बरोबरच आहे. पण या कोरड्या खोकल्यातून बाहेर काहीच पडत नाही. तो धरून ठेवल्याने काही बिघडत नाही. उलट प्रत्येक टळलेली उबळ घशाला विसावा देते.

यानंतर प्रत्यक्ष युक्त्या. उबळ पूर्ण भरात आली की तिला थोपवणे जवळपास अशक्य, म्हणून पहिली खवखव ओळखून त्याच क्षणी हालचाल करायची. सगळ्यात सोपी म्हणजे पाण्याचा घोट, किंवा नुसताच जोर लावून आवंढा गिळणे. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, बंद होते आणि श्वास क्षणभर थांबतो, त्यामुळे त्याच वेळी खोकता येत नाही. दुसरी युक्ती श्वासाची: फूल हुंगावे तसा नाकाने छोटा श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळू फुंकर सोडायची. हुंगताना स्वरयंत्राच्या घड्या एकमेकींपासून दूर होतात. खोकण्यासाठी त्या आधी घट्ट मिटाव्या लागतात. खांदे सैल, जबडा सैल, श्वास पोटाने.

हे सगळे खोकला नसताना दिवसातून अनेकदा करायचे असते. लोक नेमके इथे कंटाळतात. पण आयत्या वेळी ते आपोआप सुचायला हवे असेल तर दुसरा मार्ग नाही. हात बसला की थेरपिस्ट हळूहळू त्रासदायक गोष्टींसमोर नेतात: थोडे जास्त बोलणे, थोडा वास, जिना चढणे.

शिवाय घशाची निगा असते. दिवसभर थोडेथोडे पाणी, तोंडाऐवजी नाकाने श्वास, खाकरण्याऐवजी आवंढा, धुरापासून लांब, दारू आणि कॅफिन कमी. (चहा कमी करा म्हटल्यावर आपल्याकडे थेरपी तिथेच संपायची भीती, पाणी वाढवण्यापासून सुरुवात केलेली बरी.) थंडगार वाटणाऱ्या मेंथॉलच्या गोळ्याही सहसा सोडायला सांगतात, कारण त्यांनी घसा कोरडा पडतो असे थेरपिस्ट मानतात.

मनाचा खेळ?

युक्त्यांनी आटोक्यात येतो म्हणजे खोकला मनाचाच असणार, हा तर्क नातेवाईक लगेच काढतात. तो चूक आहे. लंगडणाऱ्याला फिजिओथेरपीने चालता आले म्हणून त्याचा गुडघा काल्पनिक ठरत नाही. आणि या खोकल्याने होणारे हाल फार खरे असतात: तुटक झोप, बरगड्यांचे दुखणे, क्वचित बरगडीला तडा, खोकता खोकता येणारी भोवळ. बायकांना खोकताना लघवी सुटते, आणि ते त्या डॉक्टरांनाही सांगत नाहीत. कोविडनंतर तर बसमध्ये एकदा खोकले तरी आजूबाजूच्या माना वळतात. थेरपीत या सगळ्यावर बोलणे होते. तोही उपचाराचाच भाग आहे.

औषधांची जोड

थेरपी आणि औषध यांतून एकच निवडावे लागते असे नाही. मज्जातंतूंची चिडचिड कमी करणारे प्रीगाबालिन थेरपीला जोडल्यावर नुसत्या थेरपीपेक्षा जास्त गुण येतो, असे २०१६ मधल्या ४० जणांच्या छोट्या अभ्यासात दिसले. पण त्याने गुंगी येते, चक्कर येते. जेफापिक्संट हे खास या खोकल्यासाठीचे नवे औषध जपानने २०२२ मध्ये आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये मान्य केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते दोनदा परत पाठवले. ते घेणाऱ्या पुष्कळांची जिभेची चव बिघडते. थेरपीला असे दुष्परिणाम नाहीत.

कोणाकडे जावे

आधी छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ, आणि त्यांनी स्वरयंत्र दुर्बिणीतून पाहिलेले असणे चांगले. भारतात स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते. ती विचारायला संकोच नको. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग या क्षेत्रातल्या मोठ्या सरकारी संस्था आहेत. मात्र प्रत्येक स्पीच थेरपिस्टने जुनाट खोकला हाताळलेला असतोच असे नाही. भेट ठरवतानाच विचारावे: खोकल्याचे पेशंट तुम्ही पाहता का? नसतील पाहत, तर आवाजाच्या विकारांवर काम करणारा थेरपिस्ट शोधावा. स्वरयंत्राची ओळख त्यालाच जास्त असते.