विचारल्याशिवाय कळत नाही

देसाईगंज, म्हणजे वडसा, 1972 साली चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायला अजून दहा वर्षे होती. त्या वर्षी 26 मार्चच्या रात्री एका अल्पवयीन आदिवासी मुलीला जबाबासाठी तिथल्या पोलीस ठाण्यात आणले. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवले आणि तिला आतच थांबवून घेतले. एका शिपायाने बलात्कार केला आणि दारू प्यायलेल्या हेड कॉन्स्टेबलने तोच प्रयत्न केला, असे तिने बाहेर आल्यावर सांगितले. तिची वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास, म्हणजे जवळपास एक दिवस उलटल्यावर. अहवालात नोंद झाली : वय 14 ते 16, अंगावर जखम नाही, योनिपटल पूर्वीच फाटलेले.

पुढची सहा वर्षे खटला या नोंदीभोवती फिरत राहिला. 1974 मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. मुलगी शरीरसंबंधांना सरावलेली आहे, असे त्या निकालाने म्हटले. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणे ही संमती नव्हे, असे खंडपीठाने म्हटले. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडून दिले. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे बळजबरी नाही, असा त्यामागचा तर्क. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

पीडितेचे नाव छापायला बंदी घालणारे कलम त्याच दुरुस्तीने आले. त्या मुलीचे नाव मात्र तोवर कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत शिरले होते आणि आजही तिथेच आहे. मी ते इथे लिहीत नाही.

या खटल्याची कायदेशीर बाजू मराठीत पुष्कळ वेळा लिहून झाली आहे. मला त्या वैद्यकीय अहवालाविषयी बोलायचे आहे. त्या कागदाला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. बलात्कारानंतर अंगावर जखम दिसणे हा नियम नसून अपवाद आहे. दिसेल अशी जखम सुमारे एक तृतीयांश प्रकरणांतच सापडते, असे पुढच्या संशोधनातून पुढे आले. धाक असेल, वय कोवळे असेल, समोरचा माणूस वर्दीतला असेल, तर शरीर थिजते. शिवाय तपासणीला उशीर झाला की बारीक ओरखडे पुसट होतात. म्हणजे ‘जखम नाही’ या शब्दांतून घडलेल्या प्रसंगाबद्दल काहीही सिद्ध होत नव्हते. तरीही तेच शब्द तिच्या तोंडच्या हकिकतीपेक्षा वजनदार ठरले.

या चुकीच्या दुरुस्तीची एक वाट विदर्भातूनच निघाली, याचे मला फार मोल वाटते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्काराच्या प्रकरणांतले तपासणी अहवाल गोळा करून वाचायला घेतले. देसाईगंजनंतर साडेतीन दशके उलटली होती. तरी डॉक्टर अजून ‘दोन बोटांची चाचणी’ करत होते, बाई ‘सरावलेली’ आहे का ते लिहीत होते, आणि ज्याची खरी गरज ते नमुने, मानसिक अवस्था, उपचार या रकान्यांत काहीबाही भरत होते किंवा ते कोरेच सोडत होते. खांडेकरांनी यावर लिहिलेल्या अहवालाच्या आधारे 2010 मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. मुंबईत ‘सेहत’ ही संस्था महापालिकेच्या रुग्णालयांत याच प्रश्नावर काम करत होती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेवर घाला असल्याचे म्हटले. त्याच वर्षीच्या कायद्याने, अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, असे स्पष्ट केले. 2014 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची अशा तपासणीबाबतची मार्गदर्शक तत्त्वे आली. एवढे होऊनही 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

दुरुस्तीची दुसरी वाट गडचिरोलीतून निघाली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायकांची स्त्रीरोग तपासणी केली. तोपर्यंत सरकारी आरोग्यसेवेला बाई दिसे ती गरोदर असेल तेव्हा, नाहीतर नसबंदीच्या शिबिरात. इथे गावातल्या बायकांशी आधी बोलणे झाले, मग 650 जणींची तपासणी झाली. 92 टक्के जणींना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले. त्यापूर्वी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हा हिंसेवरचा अभ्यास नव्हे. पण हिंसेवरच्या संशोधनाला लागणारा पाया त्यानेच घातला असे मी मानतो. बाई दुखणे अंगावर काढते ते क्षुल्लक म्हणून नव्हे, तर तिला कुणी विचारलेलेच नसते म्हणून. ज्या खोलीत दार लावून, बाईमाणसासमोर, पांढरे जाण्याबद्दल बोलता येते, तिथेच कधीतरी नवऱ्याच्या मारहाणीबद्दलही बोलता येते.

दारू पिऊन होणाऱ्या या मारहाणीविरुद्ध त्याच काळात या जिल्ह्यात दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेच्या बायका 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून चालत नागपूरच्या अधिवेशनावर धडकल्या, आणि 1 एप्रिल 2015 पासून तिथेही बंदी आली. मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. तेव्हाचा वाद बुडालेला महसूल, अवैध विक्री आणि नोंदलेले गुन्हे यांवर झडला. बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही पोलिसांचे आकडे दाखवत होते. पोलिसांपर्यंत न गेलेल्या मारहाणीचा हिशेब त्यात कुठून येणार? मोहफुलाच्या दारूला गोंड-माडिया समाजात पूजेचे स्थान आहे, हेही खरे. पण मोर्चात चालणाऱ्या बायकांची तक्रार देवाला वाहिलेल्या थेंबाबद्दल कधीच नव्हती.

पोलिसांपर्यंत न गेलेली मारहाण किती, याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून येतो. 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के जणींनी ना कुणाकडे मदत मागितली, ना कुणाला सांगितले. हे प्रश्न विचारण्याची शिस्त कडक असते : घरातल्या एकाच बाईला विचारायचे, एकांतात विचारायचे, आणि कुणी आले तर विषय बदलायचा. पण हा भाग निवडक घरांपुरताच असतो आणि त्याचे निष्कर्ष राज्यापुरतेच निघतात. रक्तक्षय, लसीकरण, बालविवाह यांचे आकडे गडचिरोलीचे वेगळे मिळतात. मारहाणीचे मिळत नाहीत.

मुलांच्या बाबतीत तर अंधार आणखी दाट. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले होते. 2019 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यातल्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले ते मुलींना उपचारासाठी रुग्णालयात आणल्यावर. घरापासून लांब राहणाऱ्या मुलीला विचारणारे मोठे माणूस वसतिगृहात कुणी नसेल, तर ते काम दवाखान्यावर येते.

दवाखाना घरापर्यंत नेण्याची एक रीत मात्र आहे; नवजात बाळांच्या बाबतीत गडचिरोलीनेच ती देशाला शिकवली. 39 गावांत गावच्याच बायकांना शिकवून बाळंतिणीच्या घरी पाठवले आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज देशभरची आशा कार्यकर्ती त्याच रीतीने बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरात जाते. तिच्या तक्त्यात बाळाचे वजन आहे, तापमान आहे, आईचा ताप आणि रक्तस्राव आहे. घरात मार बसतो का, याला जागा नाही. बंद दाराआड इतक्या वेळा जाणारे दुसरे सरकारी माणूस या जंगलात क्वचितच सापडेल.

मात्र उद्याच तसा रकाना छापावा, असे मी म्हणणार नाही. आशा त्याच गावची सून असते; तिने विचारलेले संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या कानावर जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्येच संशोधकांना नियम घालून दिला आहे : विचारायचे असेल, तर मदत मागणारीला पुढे पाठवण्याची सोय हवी. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या ‘दिलासा’ केंद्राने 2001 पासून ही सोय दवाखान्यातच करून दाखवली. पण दुर्गम भामरागडची बाई गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयापासून दीडशेहून अधिक किलोमीटर लांब. लैंगिक हिंसेनंतर शरीरावरचे नमुने घेण्याची मुदत 96 तासांची, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता त्याहून जास्त वेळ बंद राहू शकतो. म्हणून भामरागड, एटापल्ली, सिरोंचा आणि जिवती इथे रात्रीही हजर असणारी प्रशिक्षित परिचारिका, नमुन्यांची पेटी, ती ठेवायला कुलूपबंद कपाट आणि माडिया-गोंडी बोलणारी समुपदेशक आधी हवी. प्रश्नावली त्यानंतर.