पर्ल : मोडीत लिहावं की बाळबोधीत?

आमच्या विंगमध्ये सध्या दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, एका ओळीत होणाऱ्या कामाला वीस ओळी कशाला? दुसरा म्हणतो, दुसऱ्याला वाचता येत नाही तो प्रोग्राम अर्धाच लिहिलेला. भांडणाचं मूळ आहे पर्ल.

पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ साली आणली. वॉल भाषाशास्त्र शिकलेले, म्हणून पर्लला बोलीभाषेची सवय आहे. आपण 'ते दे रे' म्हणतो आणि समोरच्याला कळतं. पर्लमधलं हे 'ते' म्हणजे डॉलर-अंडरस्कोर. पुष्कळदा तेही लिहावं लागत नाही, गृहीतच धरलं जातं. त्यात 'एक काम करण्याचे अनेक मार्ग' हे पर्लचं ब्रीद. मग एका ओळीचा मोह होणारच!

एक उदाहरण घेऊ. आमच्या मेसच्या खाड्यांचा हिशोब एका सिनियरने असाच एका ओळीत बसवला होता. फाइलच्या प्रत्येक ओळीत नाव आणि खाड्यांचे दिवस. 'ए' हा पर्याय दिला की पर्ल प्रत्येक ओळ मोकळ्या जागांवर तोडतं. पहिला तुकडा नाव, दुसरा दिवस. बेरीज करा, संपलं. दोन वर्षं झकास चाललं. सिनियर पास होऊन गेला. पुढे कोणीतरी नावासोबत आडनावही लिहू लागलं. आता दुसरा तुकडा झाला आडनाव! आणि पर्लची खोड अशी, की बेरजेत अंकाऐवजी अक्षरं आली तर ते त्याला शून्य समजतं. वॉर्निंग चालू नसेल तर चकार शब्द काढत नाही. पंधरा दिवस गावी राहिलेल्या पोरांनाही पूर्ण महिन्याचं बिल आलं. पैसे घरून येतात, ते सोयाबीन विकून आलेले असतात. ती ओळ उघडून पाहिली तर चूक कुठे आहे, हे सांगणारा कोणी नव्हता.

मग आखूड लिहिणं वाईटच का? नाही. मी बिलोलीचा. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने कागद निघाले की ते मोडीत नाहीतर उर्दूत. मोडीची गंमत बघा. आधी ओळभर रेघ ओढायची, मग हात शक्यतो न उचलता लिहीत सुटायचं. शब्दांमध्ये जागा नाही, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. लिहायला वेगवान, आणि रोजच्या कारकुनाला वाचायलाही सोपी. अडचण तिची नव्हती. तिचे वाचणारे संपले. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणारी माणसं शोधावी लागली.

पर्लचंही तसंच. 'श्वार्ट्झियन ट्रान्सफॉर्म' ही मॅप-सॉर्ट-मॅपची जोडणी नवख्याला चक्रव्यूह वाटते, जाणकार एका नजरेत ओळखतो. उलट वीस ओळी लिहून चलांना क, ख, ग अशी नावं दिली, तर लांबी वाढते, अर्थ कळत नाही.

म्हणजे खरा प्रश्न ओळी किती हा नाही. वाचणार कोण, हा आहे. लॉग फाइलमधून आत्ता एकदाच काहीतरी शोधायचंय? खुशाल एका ओळीत लिहा, काम झालं की विसरा. पण हॉस्टेलचा हिशोब, प्रोजेक्टचा कोड हे आपल्यानंतर दुसऱ्याच्या हाती जाणार, आणि इथला वाचक दर चार वर्षांनी बदलतो. तिथे 'यूज स्ट्रिक्ट', 'यूज वॉर्निंग्ज' आधी लिहा. चलांना 'नाव', 'खाडे' अशी सरळ नावं द्या. दिवसाच्या जागी अंक नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवा. रेग्युलर एक्स्प्रेशन लांबलं तर 'एक्स' हा मॉडिफायर लावा. मग त्यात मोकळ्या जागा आणि टिपाही लिहिता येतात.

आपल्यापुरतं लिहायचं तर मोडी चालेल. ज्युनियरसाठी ठेवून जायचं असेल, तर बाळबोधच बरं!