मेंदूतला दाह विझवावा की जागवावा?

विशी-तिशीत घोटे आणि मनगटं दुखू लागतात. एक्स-रेत हाडांमध्ये पोकळ्या दिसतात, किरकोळ पडण्यानंही हाड मोडतं. पुढे स्वभाव पालटतो आणि चाळिशीच्या आसपास स्मृतिभ्रंश गाठतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि फिनलंडमध्ये स्वतंत्रपणे नोंदला गेलेला हा दुर्मीळ आनुवंशिक आजार म्हणजे नासू-हाकोला.

हाडांचा आणि स्मृतीचा संबंध काय? उत्तर २००२मध्ये मिळालं. काही रुग्णांमध्ये ‘ट्रेम-टू’ या प्रथिनाचं जनुक आई-वडील दोघांकडूनही बिघडलेलं आलं होतं. हाड झिजवणाऱ्या पेशी आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारपेशी, दोन्हींच्या पृष्ठभागावर हा रिसेप्टर असतो. मेलेल्या पेशींचे मेदकण आणि अल्झायमरमध्ये साचणारं अमायलॉइड हे प्रथिन यांचा स्पर्श तो ओळखतो. पण त्याला स्वतःला निरोप आत पोचवता येत नाही. ते काम डॅप-१२ हे जोडीदार प्रथिन करतं. ते बिघडलं, तरीही हाच आजार होतो.

ही गोष्ट दुर्मीळ आजारापुरती राहिली असती. पण २०१२च्या अखेरीस आइसलँडमधल्या आणि आणखी एका संशोधक गटानं दाखवलं, की ट्रेम-टूमधलं ४७व्या जागेचं एकच अमिनो आम्ल बदललं, तरी अल्झायमरचा धोका दोन ते चार पटींनी वाढतो.

तोवर मेंदूतला दाह, म्हणजे मायक्रोग्लियांचं चेतणं, ही शमवायची आग आहे, असंच बहुतेकांना वाटे. मला हा समज अपुरा वाटतो. ट्रेम-टू नसलेल्या उंदरांत मायक्रोग्लिया अमायलॉइडच्या गाठींभोवती जमत नाहीत. गाठी विस्कटलेल्या राहतात आणि आसपासचे चेतातंतू अधिक जखमी होतात. म्हणजे तिथे दाहाचा अभावच घातक ठरतो. मात्र अल्झायमरमधलं दुसरं प्रथिन, टाऊ, साचणाऱ्या उंदरांच्या काही प्रयोगांत ट्रेम-टू काढल्यावर मेंदूची झीज कमी झाली! एकाच रिसेप्टरची ही दोन रूपं समजल्याशिवाय औषध बनवणं धोक्याचं. ट्रेम-टूला चेतवणाऱ्या एका प्रतिपिंडाची सुरुवातीच्या अल्झायमरच्या रुग्णांवरची चाचणी २०२४मध्ये अपयशी ठरली. आजाराची गती मंदावली नाही.

तरी मी हा मार्ग बंद मानत नाही. पेशीवरून तुटून सुटणारा ट्रेम-टूचा तुकडा पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात मोजता येतो. आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांमध्ये त्याची पातळी लक्षणं दिसण्याच्या काही वर्षं आधीच चढलेली आढळली. औषध नेमकं कोणत्या टप्प्यावर द्यायचं, हे ठरवायला ही मोजणी उपयोगी पडू शकते.