एकनळी श्वासनियामक : रचना, जीर्णोद्धार व परिभाषा

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाड व पोलादपूर यांच्या दरम्यान सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल महापुरात कोसळला. त्याबरोबर राज्य परिवहन महामंडळाच्या दोन प्रवासी गाड्या व अन्य वाहने नदीत गडप झाली. गढूळ पाणी, प्रवाहाची विलक्षण ओढ आणि मगरींचा वावर असलेले ते पात्र यांमुळे शोधकार्य कमालीचे कठीण झाले. नौदलाच्या पाणबुड्यांच्या हाती पहिल्या गाडीचा सांगाडा लागला तो ११ ऑगस्ट रोजी. त्या दिवसांत ‘पाणबुडा’ हा जुना शब्द पुन्हा सर्वतोमुखी झाला. परंतु पाणबुड्याच्या मुखाशी असलेल्या ज्या उपकरणावर त्याचा जीव अवलंबून असतो, त्याविषयी चार वाक्ये मराठीत बोलावयाची झाल्यास शब्द अडतात.

प्रस्तुत लेखात या उपकरणाची, म्हणजे एकनळी श्वासनियामकाची, रचना सांगून जुन्या नियामकांचा जीर्णोद्धार कसा केला जातो याचे विवेचन करावयाचे आहे, आणि ते करीत असता परिभाषेचा प्रश्न तपासावयाचा आहे. परिभाषा ही सामान्यतः ज्ञानाची सोय मानली जाते. येथे मात्र ती सुरक्षिततेचे एक अंग ठरते, हे या लेखाचे प्रतिपाद्य होय.

१. बुडी आणि दम

पाण्यासंबंधी मराठीची शब्दसंपत्ती तुटपुंजी नाही. डोह, भोवरा, ओढ, उतार, ठाव, थांग हे शब्द सावित्रीसारख्या नदीच्या काठी राहणाऱ्यांच्या नित्याच्या वापरातले आहेत. ‘सूर मारणे’ ही उडी असते. ‘बुडी मारणे’ हे तळाकडे जाणे असते. ‘ठाव लागत नाही’ या प्रयोगात तर खोली मोजण्याची पद्धतच सामावलेली आहे, कारण पाय टेकला तर ठाव, न टेकला तर अठाव.

या सर्व परंपरेचा पाया मात्र एकच आहे : बुडी मारणाऱ्याने दम धरावयाचा. पृष्ठभागावर छाती भरून घेतलेली हवा खाली गेल्यावर दाबाने आकसते व वर येताच पूर्ववत होते; ती मूळच्या आकारमानाहून वाढत नाही. यंत्राच्या साहाय्याने श्वास घेणाऱ्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते. समुद्रसपाटीवरील हवेचा दाब एक ‘वातावरण’ धरला, तर पाण्यात दर दहा मीटरांस सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. दहा मीटरांवर दोन वातावरणे दाबाने छाती भरून घेतलेली हवा तशीच कोंडून मनुष्य वर आला, तर ती दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटते. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा : श्वास कधीही रोखू नये.

आता ‘दम धरणे’ या प्रयोगाचा विचार करावा. त्याचा वाच्यार्थ श्वास रोखणे, आणि रूढ लाक्षणिक अर्थ धीर धरणे. गांगरलेल्या शिष्याला मराठीभाषी शिक्षक स्वाभाविकपणे ‘दम धर’ असे म्हणेल. त्याला अभिप्रेत असेल धीर; शिष्याने वाच्यार्थ घेतला तर प्राणावर बेतेल. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने शहाणा झालेला एक शब्दप्रयोग साधन बदलताच घातक ठरावा, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

२. रचना

मागणीनुसार हवा देणारा नियामक ही कल्पना जुनी आहे. बेन्वा रुकेरॉल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १८६० मध्ये खाणीतील विषारी हवेत वापरण्यासाठी असे उपकरण सिद्ध केले, आणि १८६४ मध्ये देनेरूझ या नौदल अधिकाऱ्याच्या सहकार्याने ते पाण्याखाली नेले. पुढे १९४३ मध्ये झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनी उच्च दाबाच्या टाकीशी त्याची सांगड घातली. गान्यां यांचा मूळ नियामक युद्धकाळातील वायूवर चालणाऱ्या मोटारींसाठी होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीवरचा ‘रेग्युलेटर’ याच कुळातला. टाकीतील भलता दाब उतरवून कामापुरता करणे हे दोघांचेही मूळ कार्य होय.

कूस्तो-गान्यां यांचे उपकरण दुनळी होते. सर्व यंत्रणा पाठीवर टाकीशी असे. एका नळीने हवा मुखाकडे येई व दुसऱ्या नळीने उच्छ्वास पुन्हा पाठीकडे जाई. उच्छ्वासाची झडप पडद्याच्याच पातळीवर ठेवणे आवश्यक असल्याने ही दुसरी नळी लागे. एरवी दोन ठिकाणच्या दाबांतील फरकामुळे हवा आपोआप वाहू लागली असती. परंतु पडदा पाठीवर व तोंड पुढे, म्हणून शरीराची स्थिती पालटली की श्वासाचे श्रमही पालटत. मेलबर्न येथील टेड एल्ड्रेड यांनी १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ‘पॉरपॉइज’ या नावाने एकनळी नियामक बाजारात आणला. त्यात यंत्रणेचे दोन भाग केलेले होते. एक टाकीवर राहिला, दुसरा मुखाशी आला. पडदा व उच्छ्वासाची झडप शेजारी आल्यामुळे परतीच्या नळीचे प्रयोजनच उरले नाही. बंदुकीमुळे ‘एकनळी’ व ‘दुनळी’ हे शब्द मराठीत आधीच रुळलेले आहेत. ते येथे जसेच्या तसे घेण्यास कोणतीच हरकत नसावी.

या दोन भागांना इंग्रजीवरून ‘पहिला टप्पा’ व ‘दुसरा टप्पा’ म्हणण्याचा मोह होतो. पण मराठीत टप्पा हा प्रवासाचा किंवा कार्यक्रमाचा असतो, वस्तूचा नसतो. ‘पहिला टप्पा साफ करावा’ या वाक्याचा अर्थ, साफसफाईचे पहिले काम उरकावे, असाच कोणीही करील. त्यापेक्षा स्थानावरून ‘टाकी-नियामक’ व ‘मुख-नियामक’ अशी नावे द्यावीत. टाकी-नियामक सुमारे दोनशे वातावरणांचा दाब उतरवून तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ८ ते १० वातावरणे अधिक, इतका करतो. हे कार्य काहींत लवचिक पडद्याने होते, काहींत दट्ट्याने. अमेरिकेतील ‘कॉनशेल्फ’ हा पडद्याचा, तर ‘स्कूबाप्रो मार्क ५’ हा दट्ट्याचा प्रसिद्ध नमुना होय. मुख-नियामकात श्वास ओढताच पडदा आत झुकतो, तरफ दाबली जाते व झडप उघडते; श्वास थांबला की झडप मिटते. ‘मागेल तेव्हा व मागेल तेवढे’ हे त्याचे सूत्र.

३. जीर्णोद्धार

जुन्या नियामकाचा धातू सहसा नष्ट होत नाही. नष्ट होते ते रबर. क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळावर क्षार साचतात आणि मुलामा उडाल्या जागी, कल्हई गेलेल्या भांड्यावर धरतो तसा, हिरवट कळंक चढतो. सर्व भाग सुटे करून विरल आम्लात, उदाहरणार्थ पाणी घातलेल्या शिरक्यात, थोडा वेळ ठेवून ते स्वच्छ पाण्याने धुवावे लागतात. घासण्याचा अतिरेक झाल्यास झडपेच्या बैठकीची धार बिघडते, आणि ज्या धारेवर झडप टेकते ती बिघडली की पुढील सर्व श्रम व्यर्थ होतात.

रबरी कडी, पडदा, उच्छ्वासाची पातळ झडप व नळी हे भाग वरून कितीही धड दिसले तरी बदलावेत. घरगुती तेल वा सामान्य ग्रीज वापरणे निषिद्ध आहे. खनिज तेलाने रबर फुगते, आणि प्राणवायूचे प्रमाण जास्त असल्यास उच्च दाबाखाली तेल पेट घेऊ शकते.

जुळणीनंतर दोन परीक्षा अनिवार्य आहेत. पहिली टाकी-नियामकाची. दाबमापक लावून पाहिल्यास मधला दाब नेमून दिलेल्या आकड्यावर येऊन स्थिर राहिला पाहिजे. तो सावकाश चढत राहिला, तर बैठक सदोष आहे असे निश्चित समजावे. दुसरी परीक्षा मुख-नियामकाची. तो तोंडाची बाजू वर करून परातीतील पाण्यात हळूहळू बुडवावा. पडद्यावर सुमारे अडीच सेंटिमीटर पाणी आले की हवेचा फुत्कार सुरू व्हावा. फार आधी झाल्यास हवा वाया जाते, फार उशिरा झाल्यास श्वासाचे श्रम वाढतात.

४. अनुकूल आणि प्रतिकूल झडप

जीर्णोद्धारातील सर्वांत गंभीर प्रश्न मुख-नियामकाच्या झडपेच्या दिशेचा आहे. दरवाजाचे उदाहरण घेऊ. आतल्या गर्दीचा रेटा आला असता बाहेर उघडणारा दरवाजा आपोआप उघडतो. आत उघडणारा दरवाजा त्याच रेट्याने अधिकच घट्ट बसतो. पहिल्या जातीच्या झडपेला ‘प्रवाहानुकूल’ व दुसऱ्या जातीच्या झडपेला ‘प्रवाहप्रतिकूल’ म्हणावे.

टाकी-नियामक बिघडून मधला दाब वाढत गेला, तर अनुकूल झडप स्वतःच उघडून हवा सोडते. हवा वाया जाते, पण बुडणाऱ्याला श्वास मिळत राहतो व वर येण्यास अवधी मिळतो. प्रतिकूल झडप त्याच प्रसंगी करकचून मिटते. दाब नळीत साठतो आणि अखेरीस नळी फुटते. म्हणून प्रतिकूल झडप असलेल्या जुन्या उपकरणात टाकी-नियामकावर स्वतंत्र सुटका-झडप बसविलेली असते. एका संचातील मुख-नियामक दुसऱ्या संचातील टाकी-नियामकाला जोडताना हा भेद ध्यानी न घेणे म्हणजे अपघाताला निमंत्रण देणे होय. इंग्रजीत या दोन जातींची नावे प्रवाहाच्या ‘वर’ व ‘खाली’ अशा अर्थाची आहेत आणि नवख्याला त्यांतून काहीच बोध होत नाही. ‘अनुकूल’ व ‘प्रतिकूल’ हे शब्द मात्र कार्यही सांगतात आणि परिणामही सुचवितात. येथे मराठी परिभाषा मूळ परिभाषेहून सरस ठरते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

५. उपयोगाची मर्यादा

जीर्णोद्धार झालेला नियामक पाण्यात न्यावा की कपाटात ठेवावा? शांत, स्वच्छ व उथळ पाण्यात, प्रशिक्षित सोबत्यासह तो खुशाल वापरावा. मात्र अनेक जुन्या टाकी-नियामकांना दाबमापकासाठी किंवा दुसऱ्या मुख-नियामकासाठी छिद्रेच नसतात. त्या काळी टाकीतील हवा संपत आल्याची सूचना राखीव झडपेवरून मिळे : श्वास जड झाला की दांडी ओढावयाची व उरलेल्या हवेवर वर यावयाचे. दांडी नकळत आधीच ओढली गेली असेल, तर ही सूचना मिळतच नाही. यास्तव दाबमापकाची सोय नसलेला संच वापरू नये.

नदीच्या गढूळ पाण्यात आणखी एक धोका संभवतो. उच्छ्वासाच्या झडपेखाली रेतीचा एक कण अडकला तरी श्वासासोबत पाणी आत येते. वापरानंतर नियामक धुताना टाकी-नियामकाचे तोंड टोपणाने बंद करावे व मुख-नियामकावरील कळ दाबू नये. दाबल्यास झडप उघडून पाणी नळीत शिरते. पुरातील शोधकार्य हे तर जुन्या साधनांचे क्षेत्रच नव्हे. ते आधुनिक साधनांनी सज्ज अशा प्रशिक्षित पथकांचेच काम आहे.

तरीही जुन्या नियामकाचे शैक्षणिक मोल मोठे आहे. त्याचे भाग थोडे, मोठे व सुटे होणारे असल्यामुळे श्वासाची सारी यंत्रणा टेबलावर मांडून दाखविता येते. महाड-पोलादपूरकडील एखाद्या पट्टीच्या पोहणाऱ्या तरुणाला ही विद्या शिकवावयाची झाल्यास प्रारंभ अशा मांडणीनेच करावा, आणि तो त्याच्या भाषेत करावा. त्या भाषेत टाकी-नियामक, मुख-नियामक, अनुकूल झडप व राखीव झडप हे शब्द असावेत. आणि ‘दम धर’ या आज्ञेच्या जागी ‘श्वास चालू ठेव’ ही आज्ञा असावी. परिभाषा-समित्यांनी शब्द सिद्ध करताना तो शुद्ध आहे की नाही हे जसे पाहावे, तसेच तो ऐकून मनुष्य कोणती कृती करील हेही पाहावे. पाण्याखाली शब्दाचा अर्थ विचारण्यास उसंत नसते.