तिला विचारलं होतं का?

नगर रस्त्याने जाता-येता आगाखान पॅलेस शेकडो वेळा पाहिला होता. पण आत जायला निमित्त लागलं ते भाचीचं. दादाची मुलगी, सुट्टीला माझ्याकडे आलेली. आई गेल्यापासून दादा आणि मी कामापुरतंच बोलतो. पोरगी मात्र हक्काने येते.

मागच्या बागेत दोन समाध्या आहेत. एक महादेवभाई देसाईंची, दुसरी कस्तुरबांची.

"आत्या, आजारी होत्या तरी सोडलं नाही त्यांना?"

नाही सोडलं. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे गांधीजींना पकडलं. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत त्यांच्याऐवजी बोलायला कस्तुरबा निघाल्या आणि त्यांनाही अटक झाली. वय ७३. १५ ऑगस्टला महादेवभाई याच महालात गेले. पोटच्या मुलासारखा माणूस डोळ्यांदेखत गेला, ते दुःख त्यांच्या मनातून हटलं नाही.

दम्यासारखी खोकल्याची ढास जुनीच होती. १९४४ च्या जानेवारीत हृदयविकाराचे झटके आले. आडवं झालं की श्वास कोंडे. मग अंथरुणातच बसून, पुढ्यातल्या लहानशा लाकडी मेजावर डोकं टेकून त्या रात्र काढायच्या. डॉ. सुशीला नय्यर आणि डॉ. गिल्डर हे दोघे डॉक्टर, तेही कैदीच! मनू आणि जयप्रकाशजींच्या पत्नी प्रभावतीदेवी सेवेला होत्या.

कस्तुरबांची मागणी साधी होती. वैद्याचं औषध हवं आणि घरची माणसं भेटायला हवीत. त्यासाठी गांधीजी सरकारला पत्रांवर पत्रं लिहीत राहिले. वैद्य शिव शर्मा आले, पण रात्री आत थांबायची परवानगी नाही. म्हणून ते फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपायचे. रात्री-बेरात्री रोग्याला त्रास झाला, की त्यांना उठवून आत आणायचं! अखेर ती परवानगीही मिळाली. पण वैद्यांचाही इलाज चालेना. थोरला हरिलाल भेटायला आला तो प्यायलेला. ते पाहून त्या माउलीने कपाळ बडवून घेतलं.

शेवटी धाकट्या देवदासने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवलं. युद्धाचे दिवस, औषध नवीन आणि दुर्मीळ. मुलाला वाटलं, एवढं तरी करून पाहू. पण दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नकार दिला. आता तिला त्रास नको, देवावर सोपव, असं त्यांनी मुलाला समजावलं. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबांनी त्यांच्याच मांडीवर प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवून इथेच, महादेवभाईंच्या शेजारी अग्नी दिला. राखेत काचेच्या पाच बांगड्या अखंड सापडल्या, असं सांगतात.

माझं सांगून झालं. मला वाटलं, पोरगी बांगड्यांबद्दल विचारेल. ती म्हणाली, "आत्या, ते इंजेक्शन हवं का नको, हे त्यांना विचारलं होतं का गं कुणी?"

मी गप्प झाले. कारण मला दिसत होती ती आमची आई.

वय ८१. फुप्फुसं थकलेली. डॉक्टर म्हणाले, "नळी घालायची का ते ठरवा." दादा म्हणाला, "सगळं करायचं, पैशाकडे बघू नका." मी म्हणाले, "पुरे करा तिचे हाल." अतिदक्षता विभागाच्या दाराशी आम्ही भावंडं तावातावाने भांडलो. नळी घातली. चौथ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून मी मनात दादाला दोष देत होते आणि तोही मला, 'आईवरची माया आटली' म्हणून.

पण आदल्या दिवशीपर्यंत आई शुद्धीवर होती. चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरलीसुद्धा. तिला विचारायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही! देवदासची तळमळ खोटी नव्हती, गांधीजींची कणवही खोटी नव्हती. आम्हा दोघांचीही नव्हती. पण शरीर तर तिचं होतं.

रात्री भाचीने बापाला फोन लावला. मी तो मागून घेतला. "दादा, आपण आईलाच विचारायला हवं होतं रे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मी विचारणार होतो गं. धीर झाला नाही."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुलांना समोर बसवलं आणि माझ्या वेळी काय करायचं, काय नाही, ते सांगून टाकलं. मुलगा वैतागला, "आई, काहीतरीच काय बोलतेस सकाळी सकाळी!" पण सुनेने कागद-पेन आणून दिलं. दोघींनी बसून लिहिलं. कागद कपाटात ठेवलाय, ठेवींच्या पावत्यांच्या वर. चटकन सापडायला हवा ना.