हॅरो ते क्राउच एंड, व्हाया दर्यापूर

सकाळी ६:००

बाहेर मिट्ट काळोख. दर्यापुरात मात्र साडेअकरा वाजलेत, आईचा स्वयंपाक उरकलाय, त्यामुळे फोन येतोच. "काय करून राहिली?" "चहा ठेवून राहिले." पुण्यात असताना वऱ्हाडी लपवायचे, लंडनला आल्यापासून मोकळेपणानं बोलते. तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अन् त्या परीक्षेचं?" माझंही उत्तर ठरलेलं. "होईल."

७:१०

हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइननं फॅरिंग्डन, गाडी न बदलता. तिथून क्लार्कनवेल, म्हणजे आर्किटेक्टांची आळीच. बसायला जागा मिळाली तर परीक्षेचे निकष वाचते. नाही मिळाली तर खिडकीतून लोकांच्या घरांची छपरं बघते.

८:३०

संगणक उघडला. ईमेलच्या तळाशी माझ्या नावाखाली लिहिलंय, 'डिझायनर'. पुण्यात नऊ वर्षं मी आर्किटेक्ट होते. १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी होती, स्वतःचा शिक्का होता. इथल्या १९९७ च्या कायद्यानुसार इथल्या मंडळाकडे नोंदणी नसेल, तर व्यवसायात तो शब्द नावाला लावता येत नाही. त्या नोंदणीसाठीच ही परीक्षा. पहिल्या वर्षी फार लागलं. मग लक्षात आलं की लंडनचा आर्किटेक्ट उद्या पुण्यात आला, तर आपला कायदा त्यालाही हेच सांगेल.

१०:००

आज एका घराच्या मागच्या वाढीव खोलीचा नकाशा. तो काढताना हाताच्या जुन्या सवयी आड येतात. पुण्यात वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा काढल्याशिवाय माझी पेन्सिल पुढं सरकत नसे. इथे २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर चढतो, पुण्यात त्याच दिवशी ४८. इथली गिऱ्हाइकं दक्षिणेची बाग मागतात, आणि मी सुरुवातीला त्यांना सावली देऊ करत होते! भिंतीचंही तसंच. बाहेर वीट, आत ब्लॉक, मधल्या पोकळीत इन्सुलेशन. आत शिरलेलं पाणी पुन्हा बाहेर काढायला विटांच्या सांध्यात बारीक भोकं ठेवायची. आपण भिंत उन्हापासून वाचवतो, हे लोक ओलीपासून.

१२:३०

डबा. पोळी, मेथी. मायक्रोवेव्हपाशी फोडणीच्या वासाबद्दल आता कुणी काही विचारत नाही. दोघं जण चव मागतात.

१:४५

फिन्सबरी पार्कहून डब्ल्यू-७ बसनं क्राउच एंड. व्हिक्टोरियन काळातल्या घरांची रांग, त्यातलं एक आपलं. बिल्डर जालंधरकडचा. "मॅडमजी, पायाचा चर एक मीटर खोदून तयार आहे. इन्स्पेक्टर तीनला येतोय, लगेच काँक्रीट ओततो." नकाशातही एक मीटरच होतं.

मी चरात उतरले. तपकिरी, चिकट लंडन क्ले. चिमूटभर घेऊन तळहातावर वळली, तर वातीसारखी वळली, तुटली नाही. आणि चराच्या कडेला, अगदी तळापर्यंत, केसांसारखी मुळं. जवळपास झाड तर एकही नव्हतं. कुंपणापलीकडे डोकावले तेव्हा शेजाऱ्याच्या बागेत ताजा बुंधा दिसला. आमच्या सर्वेक्षणात तो आलाच नव्हता.

ही माती मी ओळखते. दर्यापूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा भेगेत अख्खा पंजा जातो. पहिल्या पावसात तीच फुगते आणि भिंतीला तडे देते. लंडन क्लेचा स्वभाव तोच, फक्त रंग आणि हवा वेगळी. १९७६ च्या कोरड्या उन्हाळ्यात इथली कितीतरी घरं खचली. विमा कंपन्यांकडे दाव्यांची रांग लागली आणि त्यानंतर पाये खोल जाऊ लागले. झाड तोडलं म्हणजे धोका टळला, असंही नाही. इतकी वर्षं मुळांनी शोषलेलं पाणी माती पुन्हा हळूहळू पिते, आणि पुढची काही वर्षं वर उचलत राहते.

"आज काँक्रीट नको," मी म्हटलं. बिल्डरनं कपाळाला हात लावला. गाडी मागवलेली होती.

३:००

इन्स्पेक्टरनं बुंधा पाहिला, मुळं पाहिली, माती दोन बोटांत चोळली. इंजिनिअरचा हिशेब आल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं वहीत लिहिलं. मला विचारलं, "ही माती आधी कुठं पाहिली?" काळ्या मातीसाठी रुरकीच्या संस्थेनं घडवलेल्या अंडर-रीम्ड पाइलबद्दल मी सांगितलं, खाली कंदासारखा फुगलेला आणि भेगांच्या थराखाली जाऊन रुतणारा. तो लक्ष देऊन ऐकत होता. चार वाजायच्या आत सूर्य मावळला आणि आम्ही मोबाइलच्या उजेडात चराचे फोटो काढले.

५:१५

घरमालकिणीला फोन. खर्च वाढणार म्हटल्यावर ती गप्प झाली, मग रागावली. तिचं बरोबर होतं. बुंधा आधीच दिसायला हवा होता, आणि पहिल्या भेटीत कुंपणापलीकडे मीही डोकावले नव्हते. तेही तिला सांगितलं.

८:३०

जेवण झाल्यावर परीक्षेची फाइल. जुनं काम निवडून इथल्या निकषांसमोर मांडायचं आणि परीक्षकांसमोर बसून ते आपलंच आहे हे पटवायचं. इतके दिवस मी पुण्यातल्या काचेच्या देखण्या इमारती पुढं ठेवत होते. आज त्या मागं सारल्या. दर्यापूरजवळच्या एका गावात काळ्या मातीवर उभी केलेली चार खोल्यांची शाळा पहिल्या पानावर आणली. तिचे पायाचे नकाशे पिवळे पडलेत, पण मोजमापं स्पष्ट वाचता येतात.

उद्या साडेआठला इंजिनिअर साइटवर येणार आहे. डब्यासाठी कणीक आताच मळून ठेवली.