डिसअसेंबलरची यादी प्रोग्रामकडून वाचून घेताना

जबलपूरच्या मराठी घरांत वाढलेल्या मुलांना एक अनुभव लहानपणीच येतो. सरकारी इमारतीवर 'शिक्षा विभाग' अशी पाटी असते. अक्षरं देवनागरी, वाचायला काहीच अडचण नाही, पण मराठी डोक्यानं वाचली तर आत छड्या मिळत असणार असं वाटतं. हिंदीत ते शिक्षण खातं असतं. 'चेष्टा' शब्दाचंही तसंच, तिकडे प्रयत्न आणि आपल्याकडे थट्टा. लिपी एक, भाषा दोन, आणि पाटी कोणत्या भाषेतली हे आधी ठरवल्याशिवाय अर्थ लागत नाही. आजचा विषय हाच आहे, फक्त पाटीच्या जागी प्रोसेसरचा मशीन कोड आहे.

मशीन कोड म्हणजे नुसते आकडे. ते आकडे घेऊन माणसाला वाचता येतील अशा सूचना छापून देणारा प्रोग्राम म्हणजे डिसअसेंबलर. लिनक्सवर सगळ्यांच्या हाताशी असतो तो ऑब्जडम्प. त्याच्या प्रत्येक ओळीत आधी पत्ता, मग कोडचे बाइट, मग सूचनेचं नाव आणि शेवटी तिचे घटक. दहा-वीस ओळी असल्या तर आपण डोळ्यांनी वाचू. पण एखाद्या मीटरच्या किंवा कंट्रोलरच्या फर्मवेअरचा सोर्स कोड हाती नाही, ओळी दोन लाख आहेत, आणि 'लांबी न तपासता मजकूर कॉपी करणारं फंक्शन यात कुठं वापरलंय का?' हे सांगायचंय. मग यादी वाचायला आपण पायथनची स्क्रिप्ट लिहितो. ती स्क्रिप्ट चुकली तर बहुतेक वेळा बंद पडत नाही. ती शांतपणे 'काही सापडलं नाही' असं सांगते, आणि ते उपकरण भिंतीवर चढतं.

सगळ्यात साधी सूचना घेऊ: 'काहीही करू नकोस', म्हणजे नॉप. इंटेलच्या प्रोसेसरवर ती एका बाइटची, '९०'. स्पार्कवर चार बाइटची आणि ऑब्जडम्प ती '०१ ०० ०० ००' अशी सुटीसुटी छापतो. रिस्क-फाइव्हवर तीही चार बाइटची, पण छापली जाते एका गठ्ठ्यात, '०००००१३' च्या आधी आणखी एक शून्य लावून, एकूण आठ अंक. वर गंमत अशी की फाइलमध्ये ते बाइट उलट्या क्रमानं असतात: आधी १३, मग तीन शून्य बाइट. रिस्क-फाइव्हचीच आखूड रूपातली नॉप दोन बाइटची, '०००१'. आणि मिप्सवर चारही बाइट शून्य.

इंटेलची यादी समोर ठेवून लिहिलेली स्क्रिप्ट म्हणते, 'दोन अंक, मोकळी जागा, पुन्हा दोन अंक, असे गट जोपर्यंत दिसतात तोपर्यंत ते बाइट.' रिस्क-फाइव्हवर तिला एकही बाइट सापडत नाही. मग कुणीतरी नियम सैल करतं: 'हेक्स अंकांचा कोणताही गट म्हणजे बाइट.' हेक्समध्ये शून्य ते नऊ आणि ए ते एफ ही अक्षरं येतात. आता बेरजेची सूचना 'ॲड' बघा. ए, डी, डी. तिन्ही हेक्स अंक! 'डेक' आणि 'एडीसी' तशाच. चौसष्ट बिट आर्मवरची अपूर्णांकांची बेरीज 'एफॲड' तर चार अक्षरांची, म्हणजे हुबेहूब दोन बाइटच्या गटासारखी दिसते. सैल केलेली स्क्रिप्ट ही नावं बाइटांत ढकलते आणि प्रोग्राममधल्या बेरजा गायब होतात.

उपाय आहे आणि तो सोपा आहे. ऑब्जडम्प रकाने टॅबनं वेगळे करतो, साध्या स्पेसनं नाही. ओळ टॅबवर तोडा. दुसरा रकाना बाइटांचा, तिसऱ्यापासून सूचना. तो टॅब छापलेल्या कागदावर दिसत नाही म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही, एवढंच.

टिपांचीही अशीच कथा. इंटेलच्या यादीत 'हॅश' चिन्हानंतर टीप असते, म्हणून स्क्रिप्ट हॅशपासून पुढचं कापून टाकते. आर्मच्या यादीत तेच चिन्ह आकड्याच्या आधी लागतं, 'रजिस्टरमध्ये हॅश एक टाक' असं. कापलंत तर आकडाच गेला. चौसष्ट बिट आर्मवर टीप दोन तिरक्या रेघांनी सुरू होते, स्पार्कवर उद्गारचिन्हानं. घटकांचा क्रमही बघा: इंटेलसाठी ऑब्जडम्प मुळात एटी अँड टी पद्धत वापरतो, तिच्यात 'कुठून' आधी आणि 'कुठं' नंतर. स्पार्कवरही निकाल शेवटी. रिस्क-फाइव्ह आणि आर्मवर निकालाचं रजिस्टर बहुधा आधी. हे उलटं धरलंत तर यादी नीट वाचली जाते, फक्त माहिती उलट दिशेनं वाहते.

आता जिथं नुसत्या ओळी नीट तोडून भागत नाही तिथं येऊ, आणि त्यासाठी मुंबईचं उदाहरण आहे. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटानं 'अजित' हा प्रोसेसर तयार केला. त्याची सूचनावली स्पार्क व्ही-आठ. स्पार्क आपल्याकडे नवा नाही, पुण्याच्या सी-डॅकचा १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवरच उभा होता. (त्याआधी १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटरवर होता, म्हणजे एकाच 'परम' नावाखाली साफ वेगळ्या सूचनावल्या.)

स्पार्कमध्ये उडीच्या लगेच पुढची सूचना उडी पूर्ण होण्याआधीच चालते. तिला डिले स्लॉट म्हणतात. फंक्शनच्या शेवटी यादीत 'रेट' दिसतं, म्हणजे परत जा, आणि त्याच्या खाली 'रिस्टोअर'. इंटेलच्या सवयीनं वाचलं तर परत गेल्यावर खालची ओळ कोण चालवणार? स्क्रिप्ट तिला मेलेला कोड ठरवते किंवा पुढच्या फंक्शनला जोडते. प्रत्यक्षात ती दरवेळी चालते. याहून वाईट प्रकार 'कॉल'चा. कंपायलर पुष्कळदा फंक्शनला द्यायची किंमत कॉलच्या खालच्या ओळीत ठेवतो. कॉपी करणाऱ्या फंक्शनला किती लांबी दिली हे शोधताना तुमची स्क्रिप्ट कॉलच्या वरच्या ओळी चाळते, तिला जुनी किंमत सापडते आणि ती 'ठीक आहे' म्हणते. खरी किंमत खाली बसलेली असते. फंक्शन परत येतं तेही कॉलच्या पत्त्यात चार नव्हे, आठ मिळवून.

त्यातही एक पाचर आहे. काही सशर्त उड्यांच्या नावापुढे स्वल्पविराम आणि 'ए' असतो. तिथं उडी झाली नाही तर डिले स्लॉटची सूचना रद्द होते. एवढुसा स्वल्पविराम, पण तो घटकांचा समजून तोडलात तर सूचना चालली की नाही हेच कळत नाही.

मग सगळ्या प्रोसेसरांवर टिकेल अशी तपासणी कोणती? मी एक कायम वापरायला सांगतो. दुसऱ्या रकान्यातले हेक्स अंक मोजा, गट कसेही असोत, आणि दोननं भागा. ती सूचनेची लांबी. या ओळीचा पत्ता अधिक लांबी म्हणजे पुढच्या ओळीचा पत्ता आला पाहिजे. '९०' असो, सुटे चार बाइट असोत की आठ अंकी गठ्ठा, हिशोब जुळतो. न जुळला तर स्क्रिप्टनं तिथंच थांबून ओरडावं.

हा हिशोब दोन जागा पकडून देतो. एक, सलग शून्य आले की ऑब्जडम्प नुसती तीन टिंबं छापून पुढं जातो. मिप्सवर शून्य म्हणजे नॉप, म्हणजे खऱ्या सूचनाच टिंबांत लपतात. 'डिसअसेंबल झिरोज' हा पर्याय दिला की त्या छापल्या जातात. दुसरी, इंटेलची सूचना पंधरा बाइटपर्यंत जाते आणि एका ओळीत सात बाइटच छापतात, उरलेले पुढच्या ओळीत, नावाशिवाय. पत्ते जुळतात, पण सूचनेचा रकाना रिकामा. ती ओळ वरच्या सूचनेला जोडा, किंवा 'वाइड' पर्याय द्या.

एक गोष्ट मात्र या हिशोबात सापडत नाही. बत्तीस बिट आर्मच्या कोडमध्ये मधेमधे नुसती माहिती ठेवलेली असते, आणि दोन बाइटच्या थंब सूचना व चार बाइटच्या आर्म सूचना एकाच फाइलमध्ये नांदतात. कुठं काय आहे याच्या खुणा सिंबॉल टेबलात असतात. ते काढून टाकलेलं असेल तर डिसअसेंबलर अंदाज करतो, आणि चुकलेल्या अंदाजाचेही पत्ते अगदी नीट जुळतात. तिथं मजकूर तोडण्याऐवजी कॅपस्टोनसारखी लायब्ररी घ्या. ती सूचनेचे भाग वेगळे करून हाती देते, पण थंब की आर्म हे तिलाही तुम्हीच सांगायचं असतं.

आजचं काम: दहा ओळींचा सी प्रोग्राम इंटेल, रिस्क-फाइव्ह आणि स्पार्कसाठी कंपाइल करा, तिन्ही याद्या एकाच स्क्रिप्टमधून काढा, आणि प्रत्येक कॉलला कोणती किंमत दिली ते तिला छापायला लावा. तिन्ही उत्तरं एकच यायला हवीत. स्पार्कचं वेगळं आलं तर कॉलच्या खालच्या ओळीपासून बघायला लागा.